३२ बिट प्रोग्राम, ६४ बिट कर्नल : दोघांचे जुळते का, हे कसे तपासावे

अंधेरी एमआयडीसीतील आमच्या छोट्या कार्यालयात वजनकाट्यांसाठी मापन-कार्ड आणि त्याचा लिनक्स ड्रायव्हर तयार होतो. काट्यावर बसवलेली जुनी संगणके बदलून नवी ६४ बिट यंत्रे ठेवली, तरी वजनाची पावती छापणारी लायब्ररी पुरवठादाराकडून फक्त ३२ बिट स्वरूपात मिळालेली असते आणि तिचा स्रोत कोणाकडेही नसतो. त्यामुळे तिला जोडलेला आमचा प्रोग्रामही ३२ बिटच राहतो आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मात्र ६४ बिट होतो. अशी जोडी आजही पुष्कळ ठिकाणी चालू आहे. रास्पबेरी पाय ४ या एआरएम प्रोसेसरच्या छोट्या संगणकावर ३२ बिट रास्पबेरी पाय ओएस टाकली, तरी २०२३ पासून तिच्याखाली ६४ बिट कर्नलच चालू होतो, आणि हे अनेकांच्या लक्षातही येत नाही. या जोडीत कर्नल आणि प्रोग्राम एकमेकांचे बोलणे नीट समजतात की नाही, याची चाचणी कशी घ्यावी ते येथे सांगितले आहे. उदाहरणे लिनक्सची, आणि मुख्यतः एक्स८६ व एआरएम प्रोसेसरांची आहेत.

मुळात काय बदलते

सी भाषेतील इंट हा प्रकार दोन्ही बाजूंना ४ बाइटचा असतो आणि लाँग लाँग दोन्हीकडे ८ बाइटचा. लाँग आणि पॉइंटर (स्मृतीतील पत्ता) मात्र ३२ बिट प्रोग्रामात ४ बाइटचे आणि ६४ बिट लिनक्समध्ये ८ बाइटचे होतात. एवढे बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून ते रचनेतील, म्हणजे अनेक घटक एकत्र बांधणाऱ्या ‘स्ट्रक्ट’मधील, लाँग काढून तेथे नेमक्या लांबीचे प्रकार वापरतात आणि काम संपले असे समजतात. खरी अडचण तेथून पुढे सुरू होते, कारण प्रत्येक घटकाची लांबी सारखी असली तरी त्यांच्या जागा सारख्या असतीलच असे नाही.

एक साधी रचना घ्यावी: ३२ बिटचा वाहिनी क्रमांक, त्यानंतर ६४ बिटची वेळ आणि शेवटी ६४ बिटचे वजन. एक्स८६ च्या ३२ बिट नियमांनुसार रचनेतील ६४ बिटच्या पूर्णांकाला ४ च्या पटीतील जागा चालते. ६४ बिट नियमांनुसार ८ च्या पटीतीलच जागा लागते. म्हणून ३२ बिट कंपायलर हे तीन घटक ०, ४ आणि १२ या जागांवर ठेवतो व रचना २० बाइटची होते. ६४ बिट कंपायलर ते ०, ८ आणि १६ वर ठेवतो, पहिल्या घटकानंतर ४ बाइट रिकामे सोडतो व रचना २४ बाइटची होते. पश्चिम रेल्वेवर बारा डब्यांच्या लोकलच्या सवयीने ठरलेल्या खांबापाशी उभे राहावे आणि इंडिकेटरवर १५ लागलेले असावे, तसा हा प्रकार आहे: गाडी येते, दारही समोर येते, पण ते आपल्या डब्याचे नसते. गंमत अशी की ३२ बिट एआरएमचे नियम येथे ६४ बिटसारखेच वागतात आणि २४ बाइटच देतात. म्हणून रास्पबेरी पायवर सगळे सुरळीत चालले, यावरून एक्स८६ बद्दल काहीही सिद्ध होत नाही.

आयऑक्टल, म्हणजे प्रोग्रामाने ड्रायव्हरला आज्ञा देण्याचा कॉल, याच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. आयऑक्टल आज्ञेचा क्रमांक ज्या मॅक्रोंनी बनतो, ते त्यात रचनेची लांबीही कोरतात. एक्स८६ व एआरएमवर त्यासाठी १४ बिट राखलेले आहेत. रचना एकीकडे २० आणि दुसरीकडे २४ बाइटची असेल, तर आज्ञेचा क्रमांकच वेगळा होतो, कर्नल ती आज्ञा ओळखत नाही आणि ‘ईनॉटटीवाय’ ही चूक परत येते. मी या चुकीला उपकारक मानतो, कारण ती निदान ओरडून सांगते. ज्यांत लांबी कोरलेली नसते अशा जुन्या आज्ञा, आणि लांबी योगायोगाने जुळलेल्या पण आतल्या जागा वेगळ्या असलेल्या रचना काहीच न बोलता चुकीचे उत्तर देतात. चाचणीचा भर अशा गप्प राहणाऱ्या चुकांवर असावा.

चाचणीची जागा तयार करणे

एकच चाचणी-प्रोग्राम तीन परिस्थितींत चालवून पाहावा लागतो: ३२ बिट बांधणी (म्हणजे ३२ बिटसाठी कंपाइल केलेला प्रोग्राम) ३२ बिट कर्नलवर, तीच बांधणी ६४ बिट कर्नलवर, आणि ६४ बिट बांधणी ६४ बिट कर्नलवर. चौथी जोडी शक्यच नाही. पहिल्या जोडीचे उत्तर म्हणजे जुन्या ग्राहकाला आजवर मिळत आलेले उत्तर, म्हणून तेच प्रमाण मानावे. या पहिल्या जोडीची सोय दिवसेंदिवस अवघड होत चालली आहे. डेबियन या लिनक्स वितरणाच्या २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीत ३२ बिट एक्स८६ साठी कर्नल आणि इन्स्टॉलर दिलेला नाही, त्याची पॅकेजे ६४ बिट कर्नलवर जुने प्रोग्राम चालवण्यापुरती उरली आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात एखादे जुने यंत्र अजून सहज मिळते आणि कार्ड प्रत्यक्ष लावून पाहायचे असेल तर ते घेऊन ठेवणे शहाणपणाचे आहे. नसेल तर डेबियन १२ चा ३२ बिट कर्नल आभासी यंत्रात चालवला तरी पुष्कळ काम भागते.

६४ बिट कर्नलमध्ये ३२ बिट प्रोग्राम चालवण्याची सोय चालू आहे याची आधी खात्री करावी. कर्नलच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये एक्स८६ साठी ‘आयए३२ इम्युलेशन’ आणि एआरएमसाठी ‘कम्पॅट’ हा पर्याय ‘वाय’ असावा लागतो. तो ‘वाय’ असूनही ३२ बिट प्रोग्राम सुरूच होत नसेल, तर यंत्र सुरू होताना कर्नलला दिलेले पर्याय पाहावेत, कारण अलीकडच्या एक्स८६ कर्नलांत ही सोय बूटच्या वेळी बंद ठेवता येते. काही नव्या एआरएम प्रोसेसरांत ३२ बिट सूचना चालवण्याची क्षमताच नसते. तेथे ही सगळी चाचणी गैरलागू ठरते.

बांधणीसाठी एक्स८६ वर नेहमीच्या जीसीसी या कंपायलरला ‘-एम३२’ हा पर्याय द्यावा. डेबियन व उबंटूवर त्यासाठी जीसीसी-मल्टिलिब हे पॅकेज लागते. एआरएमसाठी वेगळा क्रॉस-कंपायलर घ्यावा. दोन्ही बांधण्या ‘-स्टॅटिक’ कराव्यात, म्हणजे लक्ष्य यंत्रावर ३२ बिट लायब्ररी आहेत की नाहीत या वादात वेळ जात नाही. बांधणी खरोखर ३२ बिट झाली आहे हे ‘फाइल’ या आज्ञेने पाहावे. ‘यूनेम’वर विसंबू नये, ती कर्नलबद्दल सांगते, प्रोग्रामबद्दल नाही, आणि शिवाय ‘लिनक्स३२’ या आज्ञेखाली चालवल्यास तिचे उत्तर बदलते. प्रोग्रामाचे कर्नलला जाणारे कॉल टिपणाऱ्या एसट्रेस या साधनाखाली ३२ बिट प्रोग्राम चालवला की तो प्रोग्राम ३२ बिट पद्धतीत चालू असल्याची ओळ एसट्रेस स्वतःच छापतो. ती ओळ चाचणीच्या नोंदीत असावी असा आमच्याकडे नियम आहे, कारण एकदा आठवडाभर दोन्ही वेळा ६४ बिट बांधणीच चालवली गेली होती आणि अर्थातच सगळ्या चाचण्या हिरव्या होत्या.

येथे एक सावधगिरीची सूचना ठळकपणे द्यावीशी वाटते. क्यूईएमयू या आभासी यंत्र चालवणाऱ्या साधनाचा जो प्रकार फक्त प्रोग्राम चालवतो, म्हणजे क्यूईएमयू-यूजर, तो या चाचणीसाठी वापरू नये. तो प्रत्येक सिस्टम कॉल (प्रोग्रामाने कर्नलला केलेली विनंती) मध्येच अडवून स्वतः भाषांतरित करतो आणि कर्नलला आपला ६४ बिट कॉल पाठवतो. त्यामुळे कर्नलमधील ३२ बिटची वाट कधी चाललीच जात नाही, आणि आपल्या ड्रायव्हरचे आयऑक्टल तर त्याला ठाऊकही नसतात. संपूर्ण यंत्र उभे करणारा क्यूईएमयू-सिस्टम घ्यावा किंवा खरे यंत्र घ्यावे.

आधी मोजमाप

कर्नलला हात लावण्यापूर्वीच निम्म्या चुका सापडतात. कर्नल आणि प्रोग्राम यांच्यात ये-जा करणाऱ्या प्रत्येक रचनेची लांबी ‘साइझऑफ’ने आणि प्रत्येक घटकाची जागा ‘ऑफसेटऑफ’ने छापणारा, तसेच प्रत्येक आयऑक्टल आज्ञेचा अंतिम क्रमांक छापणारा एक छोटा प्रोग्राम लिहावा. तो ३२ व ६४ अशा दोन्ही प्रकारे बांधून चालवावा आणि दोन्ही उत्तरांवर फरक दाखवणारी ‘डिफ’ ही आज्ञा लावावी. या पायरीपुरते ते कोणत्याही कर्नलवर चालले तरी हरकत नाही, कारण प्रश्न केवळ कंपायलरचा आहे. ‘डिफ’ कोरा आला तर त्या रचनांची मांडणी निर्धोक. ज्या ओळी वेगळ्या येतील त्यांपैकी प्रत्येकीसाठी कर्नलमध्ये वेगळी वाट लिहिलेली आहे का, हे शोधावे.

रचना मोठी असेल तर ड्वार्व्ज या पॅकेजमधील ‘पहोल’ हे साधन डीबग माहितीसह बांधलेल्या फाइलवर चालवावे. ते रचनेतील प्रत्येक भोक, म्हणजे कंपायलरने सोडलेली रिकामी जागा, बाइटसह दाखवते. आमच्या ड्रायव्हरमध्ये हाताने मोजून दोन भोके आहेत असे सर्वांचे मत होते; पहोलने पाच दाखवली.

एकदा जागा ठरल्या की त्या गोठवाव्यात. हेडर फाइलच्या शेवटी ‘स्टॅटिक असर्ट’ लिहून रचनेची लांबी आणि मोक्याच्या घटकांच्या जागा आकड्यांनी बांधून टाकाव्यात. पुढे कोणी मधेच एखादा घटक घातला, तर बांधणी तेथेच थांबते आणि चाचणीपर्यंत प्रकरण जातच नाही.

मग प्रत्यक्ष चालवणे

आता माझ्याच चुकीची गोष्ट सांगतो, कारण पुढील पद्धत तिच्यातून घडली आहे. वर दिलेल्या रचनेमुळे ३२ बिट प्रोग्रामाला ‘ईनॉटटीवाय’ मिळू लागले तेव्हा मी घाईत फक्त वजन या घटकाला ८ च्या पटीत बसण्याची सक्ती केली आणि दोन्ही बांधण्या नव्याने केल्या. आता ३२ बिट बांधणीत घटक ०, ४ आणि १६ वर आले, रचना २४ बाइटची झाली, आज्ञेचा क्रमांक जुळला आणि चूक नाहीशी झाली. आमची चाचणी वजन पडताळत होती आणि वजन दोन्हीकडे १६ व्या बाइटवरच असल्याने ते अचूक येत होते. वेळ मात्र प्रोग्राम ४ थ्या बाइटपासून वाचत होता आणि कर्नल ती ८ व्या बाइटपासून लिहीत होता. परिणामी वेळेचा खालचा अर्धा भाग प्रोग्रामाला वरचा अर्धा भाग म्हणून दिसत होता. आमची वेळ १९७० पासूनच्या नॅनोसेकंदांत होती; तिचे खालचे ३२ बिट दर ४.२९ सेकंदांनी पुन्हा शून्यापासून सुरू होतात, म्हणून पावतीवरील तारीख सव्वाचार सेकंदांत १९७० पासून २५५४ पर्यंत धावून पुन्हा मागे येत असे. ट्रकचे वजन बरोबर आणि साल बाविसावे शतक, अशी पावती घेऊन काट्यावरचा माणूस फोन करेपर्यंत आमच्यापैकी कोणालाही त्याचा पत्ता नव्हता.

यातून पहिला नियम असा निघतो की चाचणीने परत आलेल्या रचनेतील प्रत्येक घटक पडताळावा. फक्त महत्त्वाचा वाटणारा नव्हे. दुसरा नियम असा की चाचणीत वापरायचे आकडे असे निवडावेत की सरकलेला किंवा अर्धाच आलेला आकडा ताबडतोब उघडा पडेल. शून्य, एक किंवा शंभर हे आकडे अगदीच कुचकामी आहेत, कारण त्यांचा वरचा अर्धा भाग नेहमी शून्य असतो आणि तो गळाला तरी उत्तर बरोबरच दिसते. ६४ बिटच्या घटकात हेक्साडेसिमलमध्ये ११२२३३४४५५६६७७८८ असा आकडा भरावा: आठही बाइट वेगवेगळे असल्याने जे काही परत येईल त्यावरून कोणता बाइट कोठून आला ते थेट वाचता येते. ऋण आकड्यांसाठी वेगळी फेरी घ्यावी, कारण ३२ बिटचा ऋण आकडा ६४ बिटमध्ये नेताना त्याचे चिन्ह (सर्वात वरचा बिट) वरच्या नव्या बिटांत पसरले की नाही हे धन आकड्यावरून कधीच समजत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे कुंपण. कर्नलला ज्या बफरमध्ये लिहायला सांगायचे तो रचनेपेक्षा आगेमागे ६४ बाइटने मोठा घ्यावा आणि कॉलपूर्वी सगळा एखाद्या ठरीव खुणेच्या बाइटने भरून टाकावा. कॉल परतल्यावर कुंपणातील एकही बाइट बदललेला नसावा. बदलला असेल तर कर्नलने ६४ बिटच्या मापाची रचना ३२ बिट प्रोग्रामाच्या लहान जागेत ओतली आहे. प्रत्यक्ष वापरात अशी चूक शेजारच्या व्हेरिएबलवर जाऊन बसते आणि तिचा दोष भलत्याच फंक्शनच्या माथी येतो. रचनेच्या आतील रिकाम्या जागाही पाहाव्यात: त्यांत शून्य असावे. पहिलीच खूण तशीच राहिली असेल तर कर्नलने घटक सुटे सुटे लिहिले असावेत, आणि तिसरेच काही दिसले तर तो कर्नलच्या स्मृतीतील कचरा आहे, म्हणजे माहितीची गळती आहे. ही शेवटची नोंद सुसंगततेची नसून सुरक्षेची चूक म्हणून दाखल करावी.

‘ईनॉटटीवाय’ आल्यास तिची दोन कारणे वेगळी ओळखावीत. आज्ञेचे क्रमांक दोन्ही बांधण्यांत वेगळे असतील तर कारण रचनेत आहे. क्रमांक सारखे असूनही ३२ बिटलाच ही चूक येत असेल, तर ड्रायव्हरने ३२ बिट प्रोग्रामांसाठीचा ‘कम्पॅट_आयऑक्टल’ हा हँडलर दिलेलाच नाही. हा हँडलर कर्नलमध्ये २.६.११ या आवृत्तीपासून आहे, तरीही नव्या ड्रायव्हरांत तो विसरला जातो. रचना दोन्हीकडे तंतोतंत सारख्या असतील तर ५.५ पासून मिळणारे ‘कम्पॅट_पीटीआर_आयऑक्टल’ हे तयार फंक्शन तेथे जोडावे; स्वतःचा ६४ बिट हँडलरच दोन्हीकडे लावण्याची पद्धत एक्स८६ वर चालून जाते, पण आयबीएमच्या एस३९० वर पॉइंटरचा सर्वात वरचा बिट पुसावा लागत असल्याने तेथे फसते.

पॉइंटरचा फसवा भाग

रचनेत पॉइंटर ठेवण्याऐवजी ६४ बिटचा पूर्णांक ठेवून त्यात पत्ता भरणे ही आता रूढ आणि योग्य पद्धत आहे. मात्र प्रोग्रामाच्या बाजूने पत्ता भरताना पॉइंटरचे थेट ६४ बिट पूर्णांकात रूपांतर केले, तर जीसीसी चिन्ह पसरवतो: पत्ता हेक्साडेसिमल ८००००००० च्या वर असेल तर वरचे ३२ बिट सगळे एकने भरले जातात. ३२ बिट कर्नल ते वरचे बिट टाकून देतो, म्हणून तेथे काहीच बिघडत नाही. ६४ बिट कर्नल तो संपूर्ण पत्ता घेतो, तो प्रोग्रामाच्या मर्यादेबाहेर आहे असे पाहतो आणि ‘ईफॉल्ट’, म्हणजे चुकीच्या पत्त्याची चूक, परत करतो.

या चुकीचे वागणे माणसाला वेडे करणारे असते. ६४ बिट कर्नलखाली ३२ बिट प्रोग्रामाला जवळजवळ पूर्ण ४ जीबी पत्ते मिळतात आणि स्टॅक, म्हणजे फंक्शनच्या स्थानिक व्हेरिएबलांची जागा, त्यांच्या अगदी वरच्या टोकाला असतो. मॅलॉक या फंक्शनने घेतलेले स्मृतीचे छोटे तुकडे सामान्यतः खालच्या भागात, म्हणजे हीपवर, येतात, आणि १२८ केबीपेक्षा मोठे तुकडे एममॅप या कॉलने वरच्या भागात येतात. म्हणून छोटा बफर चालतो, मोठा चालत नाही. हीपवरचा चालतो, स्टॅकवरचा चालत नाही. पाहणारा साहजिकच लांबीच्या मर्यादेचा संशय घेतो आणि भलतीकडेच शोधत बसतो. चाचणीत म्हणूनच एकच आयऑक्टल स्टॅकवरील बफर, छोटा मॅलॉक आणि १ एमबीचा मॅलॉक अशा तीनही पत्त्यांनी चालवावा आणि पत्ताही नोंदीत छापावा. दुरुस्ती सोपी आहे: पॉइंटर आधी ‘यूइंटपीटीआर’ या चिन्हविरहित प्रकारात न्यावा आणि मगच ६४ बिटमध्ये.

आयऑक्टलच्या पलीकडे

रीड आणि राइट यांतून रचना पाठवणारे ड्रायव्हर अधिक धोक्यात असतात, कारण तेथे आज्ञेचा क्रमांक नसतो आणि वेगळा ३२ बिट हँडलर जोडण्याची सोयही नसते. कर्नलच्या बाजूने ‘इन_कम्पॅट_सिसकॉल’ या फंक्शनला विचारूनच बोलावणारा कोण आहे ते ठरवावे लागते. कीबोर्ड-माउसच्या घटना देणारा कर्नलचा इनपुट विभाग तेच करतो. एममॅपने वाटून घेतलेल्या रिंग-बफरला तर तीही सोय नाही, कारण स्मृती वाचताना कर्नलला कोणी विचारतच नाही. तेथे मांडणी दोन्हीकडे एकच असणे हा एकमेव मार्ग आहे, आणि वर सांगितलेली मोजमापाची पायरी तेथे पर्यायी नसून अनिवार्य आहे.

स्वतः नवा सिस्टम कॉल लिहिणाऱ्यांनी किंवा ‘सिसकॉल’ हे फंक्शन थेट वापरणाऱ्यांनी प्रोसेसरातील रजिस्टरांकडेही पाहावे. ३२ बिटमध्ये ६४ बिटचा आकडा दोन रजिस्टरांत विभागून जातो, आणि एआरएमवर ही जोडी सम क्रमांकाच्या रजिस्टरापासूनच सुरू व्हावी लागते. म्हणून फाइलमधील दिलेल्या स्थानापासून वाचणाऱ्या पीरीड६४ या कॉलमध्ये पहिले तीन घटक शून्य ते दोन क्रमांकांच्या रजिस्टरांत गेल्यावर क्रमांक तीनचे रिकामे सोडून फाइलमधील स्थान क्रमांक चार व पाचमध्ये जाते. एक्स८६ वर असे रिकामे रजिस्टर सोडले जात नाही. ही चूक पकडण्यासाठी ४ जीबीच्या पलीकडील स्थान देऊन वाचावे, त्याहून लहान स्थानावर ती कधी दिसते, कधी लपते.

सापडलेले कसे दुरुस्त करावे, याबद्दल थोडक्यात. ग्राहकाकडे गेलेली रचना बदलू नये. मी केली ती चूक हीच. कर्नलमध्ये ३२ बिटची जुनी मांडणी ‘कम्पॅट_यू६४’, ‘कम्पॅट_लाँग_टी’ अशा प्रकारांनी जशीच्या तशी पुन्हा लिहावी आणि एकेक घटक एकीकडून दुसरीकडे हलवावा. रचना नवीन असेल तर मोठे घटक आधी ठेवावेत, रिकाम्या जागा स्वतः नाव देऊन भराव्यात आणि एकूण लांबी ८ च्या पटीत आणावी. ‘पॅक्ड’ हा शब्द चिकटवून सुटका करून घेण्याचा मोह टाळलेला बरा. त्याने भोके बुजतात, पण लाँग आणि पॉइंटर यांची लांबी तीच वेगवेगळी राहते.

या वाटेवरील सुरक्षा

रूपांतराचा हा कोड क्वचितच चालतो आणि म्हणून क्वचितच तपासला जातो. सीव्हीई या सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीतील सीव्हीई-२०२१-२२५५५ ही त्रुटी कर्नलच्या नेटफिल्टर या नेटवर्क-गाळणीमध्ये ३२ बिट रचना ६४ बिटमध्ये वाढवताना काही शून्य बाइट बफरच्या बाहेर लिहिले जाण्याची होती. तो कोड २००६ च्या २.६.१९ या आवृत्तीपासून तेथे होता, म्हणजे पंधरा वर्षे कोणाच्याही नजरेस आला नाही. सीव्हीई-२०१४-००३८ मध्ये एक्स३२ (६४ बिट सूचना, पण ३२ बिटचे पॉइंटर) या तिसऱ्या पद्धतीच्या वाटेवर प्रोग्रामाने दिलेला पॉइंटर न तपासताच वापरला गेला होता. दोन्हींचा उपयोग करून साध्या वापरकर्त्याला रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, होता येत असे.

म्हणून वरच्या सर्व चाचण्या एकदा नेहमीच्या कर्नलवर आणि एकदा केएसॅन ही स्मृतीच्या चुकीच्या वापरावर नजर ठेवणारी सोय चालू करून बांधलेल्या कर्नलवर चालवाव्यात. दुसरा कर्नल हळू चालतो, परंतु बफरबाहेर लिहिलेला एखादा बाइटही तो सहसा पकडतो. वर सांगितलेल्या माहितीच्या गळतीसाठी केएमसॅन या, न भरलेल्या स्मृतीचा वापर पकडणाऱ्या सोयीची बांधणी उपयोगी पडते. यंत्राला वेळ देता येत असेल तर सिझकॉलर हे यादृच्छिक कॉल मारणारे साधन ६४ बिट कर्नलवर ३२ बिट प्रोग्राम तयार करूनही चालवता येते; आमच्याकडे ते शुक्रवारी संध्याकाळी लावून सोमवारी पाहतात. कर्नलच्या स्वतःच्या चाचण्यांतही एक्स८६ विभागातील प्रोग्राम ३२ आणि ६४ अशा दोन्ही प्रकारांनी बांधले जातात, आणि त्यांची मेकफाइल नमुना म्हणून वाचण्यासारखी आहे.

वेळ : तिसरी बांधणी

रचनेत कोठेही ‘टाइम_टी’ किंवा ‘टाइमव्हॅल’ हे सी भाषेतील वेळेचे प्रकार असतील तर दोन बांधण्या पुरत नाहीत. जीलिबसी या सी लायब्ररीच्या २.३४ या आवृत्तीपासून ३२ बिट प्रोग्रामही ‘टाइम_बिट्स’ ६४ करून बांधता येतो (त्यासोबत ‘फाइल_ऑफसेट_बिट्स’ही ६४ करावे लागते), आणि मग त्याच ३२ बिट प्रोग्रामातील टाइमव्हॅल ८ ऐवजी १६ बाइटचा होतो. डेबियन १३ मध्ये ३२ बिट एआरएमसाठी वेळ ६४ बिटची केली आहे आणि ३२ बिट एक्स८६ साठी जुनीच ठेवली आहे. कर्नलला बोलावणारा ३२ बिट आहे एवढेच कळते, त्याची वेळ किती बिटची आहे ते कळत नाही. आयऑक्टलमध्ये निदान लांबीवरून दोघांना वेगळे करता येते, रीड-राइटमध्ये तेही नाही. म्हणून जुन्या वेळेची ३२ बिट, नव्या वेळेची ३२ बिट आणि ६४ बिट अशा तीन बांधण्या कराव्यात.

नंतर आभासी यंत्राचे घड्याळ १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे, भारतीय वेळेप्रमाणे, असे लावावे आणि तिन्ही प्रोग्राम दर सेकंदाला ड्रायव्हरकडून वेळ घेऊन छापत ठेवावेत. ८:४४:०७ नंतरच्या सेकंदाला १९७० पासूनचे सेकंद मोजणारा ३२ बिटचा आकडा भरून ऋण होईल आणि जुन्या वेळेची बांधणी डिसेंबर १९०१ मध्ये जाईल. बाकीच्या दोघी पुढे चालत राहाव्यात. छापताना वेळ जागतिक प्रमाणवेळेत छापावी. स्थानिक वेळेत छापल्यास १४ डिसेंबर १९०१ ची पहाट २:१५:५२ ऐवजी २:०७:०२ अशी दिसू शकते आणि पाहणारा आठ मिनिटे पन्नास सेकंदांची नवीच चूक शोधू लागतो. ती चूक नाही. टाइमझोनच्या माहितीत १९०६ पूर्वीची भारतातील वेळ ५ तास २१ मिनिटे १० सेकंद पुढे अशी नोंदलेली आहे, आणि खुद्द मुंबईचे त्या काळचे घड्याळ तर याहूनही वेगळे चालत असे.